भाजीवालीला पाच हजारांची पावती, आणि एसीचा गॅस मात्र बाल्कनीतून हवेत?

टिळकनगर_तिसरा_मजला

काल आमच्याकडचा जुना एसी काढला. 2012 चा दीड टनी स्प्लिट, दर एप्रिलला कूलिंग कमी व्हायचं, दर एप्रिलला गॅस भरायचा, शेवटी यंदा नवा घेतला. जुना काढायला दोन मुलं आली. एक ग्रिलमध्ये उतरला, पान्याने नट सैल केला आणि फुस्सऽऽ असा जो आवाज सुरू झाला तो एकदोन मिनिटं तरी थांबला नाही. पाइपच्या तोंडाशी पांढरं बाष्प आणि पितळी नटावर बघता बघता बर्फ साचलं. मी विचारलं अरे हे काय सोडताय, तर म्हणाला "कुछ नही मॅडम, गॅस है, उड जाता है". नंतर बाहेरच्या युनिटची पाटी वाचली तर त्यावर आर-22 लिहिलेलं. नेटवर बघितलं तर हा ओझोनला मारक गॅस, सरकारने टप्प्याटप्प्याने बंद करायला घेतलेला.

आता माझं दुखणं असं की त्याच सकाळी स्टेशनबाहेरच्या मंडईत पिशव्या तपासणारं पथक आलं होतं. मेथीची जुडी विकणाऱ्या मावशींची टोपली उलटीपालटी करून खालच्या पातळ पिशव्या काढल्या आणि पाच हजारांची पावती. पाच हजार! तिची आठवड्याची कमाई तरी तेवढी असेल का? पिशवी वाईटच आहे, मी स्वतः गेली सहा वर्षं कापडी वापरते, पण माझ्या घरातून गेलेल्या त्या गॅसचं काय? त्याला कोणी विचारणारं आहे का नाही? जाणकारांनी सांगा प्लीज, मला रात्री झोप लागली नाही.

कूलिंगचं_काम_20_वर्ष

ताई मी याच धंद्यातला, कांजूरला राहतो, म्हणून सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, गॅस "संपत" नाही. एसीतला गॅस पेट्रोलसारखा जळत नाही, तो त्याच नळीत गोल गोल फिरतो, पंधरा वर्षं फिरेल. कमी झाला म्हणजे कुठेतरी गळतोय. तुमच्या नटावर तेलाचा काळपट डाग असणार, तिथेच लीक. मुंबईत खारी हवा, त्यात नाल्याजवळ किंवा खाडीजवळ घर असेल तर त्या वासाच्या हवेने कॉपर कॉइल काळी पडते आणि बारीक भोकं पडतात. साबणाचा फेस लावून लीक शोधायचं, नायट्रोजनने प्रेशर द्यायचं, पाइपचं तोंड नव्याने फ्लेअर म्हणजे रुंद करून नट बसवायचा, व्हॅक्यूम मारून आतली हवा काढायची, मगच वजन करून गॅस भरायचा. याला दीडदोन तास जातात. नुसतं टॉपअप पंधरा मिनिटात होतं. कस्टमर कशाचे पैसे देतो? टॉपअपचे. म्हणजे तुम्ही बारा वर्षांत जेवढे एप्रिल गॅस भरला तेवढा सगळा हवेतच गेलाय, कालचा फक्त शेवटचा हप्ता होता. वाईट वाटून घेऊ नका पण खरं आहे ते.

दुसरी गोष्ट, सोडून द्यायची गरजच नसते. एसी चालू स्थितीत असेल तर पंपडाऊन करायचं. बारीक पाइपचा व्हॉल्व्ह अ‍ॅलन कीने बंद, एसी कूलिंगवर चालू, गॅस सगळा बाहेरच्या युनिटमध्ये ओढला जातो, गेज झिरोच्या जवळ आला की जाड पाइपचा व्हॉल्व्ह बंद आणि लगेच स्विच ऑफ. पाच मिनिटाचं काम. घर बदलताना आम्ही असंच करतो.

पण भंगारात जाणार असेल तर नुसत्या पंपडाऊनने काही होत नाही, भंगारवाला आपल्या गोडाऊनमध्ये कॉपरसाठी पाइप कापतो आणि तोच फुस्स तिकडे होतो. त्यासाठी रिकव्हरी मशीन पाहिजे, गॅस ओढून वेगळ्या सिलिंडरमध्ये भरणारं. ते महाग, वजनाला जड, चौथ्या मजल्यावर लिफ्ट नसताना खांद्यावर न्यायचं, आणि कस्टमर म्हणतो गॅस काढायचे पैसे कसले? त्या पोरांना दोष देऊ नका, त्यांना कोणी शिकवलेलंच नसतं. मलाही एका सरकारी ट्रेनिंगमध्ये कळलं, त्याआधी नऊ वर्षं मीही सोडतच होतो.

निवृत्त_रसायनवाला

मी ठाणे-बेलापूर पट्ट्यात रसायन कंपनीत 31 वर्षं काढली, त्यामुळे या विषयावर बोलल्याशिवाय राहवत नाही.

आपल्याकडे याचे नियम 19 जुलै 2000 ला आले, ओझोनला घातक पदार्थांचे नियमन व नियंत्रण नियम, पर्यावरण संरक्षण कायदा 1986 खाली. पण त्यांचा सगळा रोख उत्पादन, आयात, विक्री, नोंदणी यांवर आहे. कोण बनवतो, किती बनवतो, कोणाला विकतो, याची वही. तुमच्या बाल्कनीपर्यंत ती वही पोचत नाही. आणि एका अर्थी तीच या कायद्याची ताकद होती, हे नीट समजून घ्या.

1974 मध्ये मोलिना आणि रोलंड यांनी दाखवलं की फ्रिजमधला, स्प्रेमधला सीएफसी हा क्लोरिन असलेला गॅस वर जाऊन सूर्याच्या अतिनील किरणांनी फुटतो, त्यातून क्लोरिन सुटतो आणि एक क्लोरिनचा अणू लाखभर ओझोनचे रेणू खाऊ शकतो. 1985 ला अंटार्क्टिकावर विरळ झालेला ओझोन सापडला. दोनच वर्षांत, 16 सप्टेंबर 1987 ला ओझोन वाचवायचा मॉन्ट्रियलचा करार झाला. भारत 1992 मध्ये आत आला, आणि तोही आधी भांडून की आमच्यासारख्या देशांनी कारखाने बदलायचे तर पैसा कोण देणार. म्हणून बहुपक्षीय निधी उभा राहिला. आपल्या सीएफसी बनवणाऱ्या कारखान्यांनी उत्पादन बंद करावं यासाठी त्यातून 8.2 कोटी डॉलर मंजूर झाले. 1 जानेवारी 2010 पासून सीएफसी आणि हॅलॉन, कार्बन टेट्राक्लोराइड हे तसेच ओझोनला मारक पदार्थ बंद, दम्याच्या पंपासाठी तेवढी थोडी सवलत होती.

माझ्या वडिलांचा तो पंप होता. गॅस बदलला तेव्हा ते सारखे म्हणायचे हा पंप नीट चालत नाहीये, घशाला आधीसारखा गार फटका बसत नाही. डॉक्टरांनी समजावून सांगितलं की औषध तेच आहे, ढकलणारा गॅस बदललाय. बाकी कोणाच्या घरात काही कळलंही नाही. फ्रिज तसाच थंड, लोकांनी काही सोडलं नाही, कोणाला दंड झाला नाही. बनवणारे हातावर मोजण्याइतके, पर्याय हाताशी, बदलायला पैसा आणि ठरलेली तारीख. नळ वरूनच बंद केला.

प्लास्टिकच्या बाबतीत आपण नळ चालू ठेवून खाली फरशी पुसतोय, आणि पुसायला त्या मेथीवाल्या मावशींना बसवलंय.

गोरेगाव_लोकल_8_12

काका, मनापासून विचारतो, 90 च्या दशकात शाळेत ओझोनच्या छिद्रावर निबंध असायचा, चित्रकला स्पर्धा असायची, आता कोणी नावही काढत नाही. तेव्हा जरा जास्तच घाबरवलं होतं का?

निवृत्त_रसायनवाला

नाही. उपाय लागू पडला म्हणून चर्चा थांबली. सगळा ओझोन जमिनीच्या दाबाला आणून पसरला तर जेमतेम 3 मिलिमीटरचा थर होईल, एवढंच आपलं छप्पर. 2022 च्या जागतिक आढाव्यात म्हटलंय की आताचे नियम पाळत राहिलो तर बहुतेक जगावर 2040 च्या आसपास, आर्क्टिकवर 2045 आणि अंटार्क्टिकावर 2066 च्या सुमारास थर 1980 च्या पातळीला येईल. म्हणजे माझ्या नातीच्या उतारवयात. "पाळत राहिलो तर" हे शब्द महत्त्वाचे, कारण 2018 मध्ये कळलं की बंदी असलेला सीएफसी-11 पुन्हा कोणीतरी हवेत सोडतंय आणि माग काढत काढत तो पूर्व चीनपर्यंत पोचला. लक्ष ठेवणारी यंत्रं होती म्हणून पकडला गेला.

आणि आर-22 बद्दल. तो सीएफसीच्या मानाने सौम्य, ओझोनला त्याचा मार सुमारे वीसपट कमी. म्हणूनच तो मधला पर्याय म्हणून चालवला. पण उष्णता धरून ठेवायला तो कार्बन डायऑक्साइडच्या सुमारे 1800 पट. एक किलो सोडला म्हणजे साडेसातशे लिटरपेक्षा जास्त पेट्रोल जाळल्यासारखं. नवीन मशीनमध्ये तो भरणं 2024 अखेर बंद करायचं ठरलं होतं, 2030 पर्यंत जवळजवळ पूर्ण बंद, त्यानंतर फक्त जुन्या मशीनच्या दुरुस्तीपुरता थेंबभर. पुढे नव्या एसीतल्या आर-32 सारख्या गॅसचाही नंबर आहे, असे उष्णता धरणारे गॅस कमी करायचा किगालीचा करार भारताने 2021 मध्ये मान्य केला, आपली कपात 2032 पासून सुरू होऊन 2047 पर्यंत 85 टक्के करायची आहे.

किराणा_दुसरी_पिढी

मी लालबागला दुकान चालवतो, वडिलांनंतर. भाजीवाल्या मावशींबद्दल जे लिहिलंय ते वाचून हात शिवशिवले.

माझ्या डोळ्यासमोर काय काय झालं सांगतो. 26 जुलै 2005, सांताक्रूझला एका दिवसात 944 मिलिमीटर, आमच्या दुकानात कमरेएवढं पाणी, तांदळाची पोती फुगून फुटली. गटारं पिशव्यांनी तुंबली होती हे मी माझ्या हाताने बघितलंय, गल्लीतल्या जाळीवरून आम्ही पाच जणांनी घमेली भरून पिशव्या काढल्या तेव्हा पाणी हललं. त्यामुळे बंदी का आली हे मला कोणी समजवायची गरज नाही. त्यानंतर राज्यात पिशवी निदान 50 मायक्रॉन जाड हवी असा नियम. मग 2018 ची मोठी प्लास्टिकबंदी, मार्चमध्ये काढली, 23 जूनपासून दंड सुरू, पहिल्यांदा 5 हजार, दुसऱ्यांदा 10, तिसऱ्यांदा 25 हजार आणि तीन महिने कैद. सुरुवातीला सुटी डाळ बांधून द्यायची पण पंचाईत, काही दिवसांतच त्यात सवलत आली. मग केंद्राचं आलं, सप्टेंबर 2021 ला 75 मायक्रॉन, 2022 च्या शेवटी 120.

आता मला सांगा मायक्रॉन मी काउंटरवर कशाने मोजू? होलसेलवाला सांगतो भाऊ एकशेवीसची आहे, वर छापलेलं पण असतं, आणि तपासणीत भरते कमी. पावती माझ्या नावाने फाटते. बनवणाऱ्याचं नाव त्या पिशवीवर असायला पाहिजे असा नियम आहे ना, मग त्याच्या दारात का जात नाहीत? आणि ती जी कापडासारखी दिसणारी पिशवी सगळे अभिमानाने घेऊन फिरतात, साडीच्या दुकानात मिळते ती, ती कापड नाही, तेही प्लास्टिकच आहे, धाग्यांचं. दोन महिन्यात चुरा होतो आणि तो चुरा तर उचलता पण येत नाही.

माझ्या दुकानात कॅरीबॅग हा कचऱ्याचा छोटा भाग आहे. दोन रुपयाची शाम्पूची पुडी, पाच रुपयाचा वेफर्स, मसाल्याची पुडी, हे दिवसाला माळांच्या माळा जातात. ते मी पॅक करत नाही. ते कारखान्यातून तसंच येतं.

वेसावकरीण

मी वेसाव्याची, माझे बाबा आणि दोघे भाऊ डोल लावतात. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी, डोल म्हणजे मोठ्या पिशवीसारखं जाळं, भरती-ओहोटीच्या ओढीसमोर खुंटाला बांधून ठेवायचं, पाणी जे आणेल ते आत. टोकाला खोला असतो, तिथे मासळी जमते, बोंबील, जवळा, मांदेली.

पाऊस संपून पहिल्या फेऱ्या लागतात तेव्हा खोला सोडला की आधी पिशव्या पडतात. जवळा हा केवढा, नखाएवढा, आणि त्यात वेफर्सच्या पाकिटाचे तुकडे, पुड्यांचे फाडलेले कोपरे, स्ट्रॉ, कानात घालायच्या काड्या. चमचम करणारा तुकडा जवळ्यात पटकन दिसतो, पण पांढरा पारदर्शक दिसतच नाही. आई आणि मी पाटीसमोर बसून बोटाने एक एक वेचतो. पूर्वी तासाभरात जवळा वाळत घालून व्हायचा, आता दुपार होते. जाळं प्लास्टिकने भरलं की ओढीने फाटतं ते वेगळं, आणि इंधन तेवढंच जळलेलं असतं.

मी लहान-मोठं कोणाला दोष देत नाही. आमच्या बाजारातल्या बायका पण पिशवीतच मासे देतात, कारण गिऱ्हाईक ऑफिसमधून येतं आणि हात हलवत येतं, डबा आणा म्हटलं की पुढच्या पाटीवर जातं. पण किराणावाल्या दादांचं शंभर टक्के खरं. आमच्या खोल्यात येतात त्यातल्या निम्म्याहून जास्त तुकड्यांवर कंपनीचं नाव अजून वाचता येतं. आम्हाला पत्ता माहीत आहे, तपासणाऱ्यांना कसा सापडत नाही?

पॅकेजिंगमध्ये_नोकरी

पत्ता आता कागदावर आलाय, ताई. माझं कामच ते आहे म्हणून लिहिते.

फेब्रुवारी 2022 पासून उत्पादकाच्या विस्तारित जबाबदारीचे नियम लागले, ऑफिसात सगळे ईपीआर म्हणतात. जी कंपनी प्लास्टिकमध्ये माल बांधून विकते तिने केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या पोर्टलवर नोंदणी करायची आणि जेवढं बाजारात टाकलं त्याच्या हिशोबाने कचरा गोळा करून प्रक्रिया करून घ्यायची. प्रकार पाडलेत, कडक बाटल्या-डबे पहिला, लवचिक पिशव्या दुसरा, आणि पुडीसारखं ज्यात प्लास्टिकला दुसरं काहीतरी चिकटवलंय ते तिसरा. कडक प्लास्टिकचं 2024-25 ला निम्मं पुनर्वापरात न्यायचं, 2027-28 पर्यंत 80 टक्के. शिवाय नव्या बाटलीत जुनं प्लास्टिक किती हेही ठरवून दिलंय, 2025-26 पासून कडक पॅकिंगमध्ये 30 टक्के. काका म्हणतात तसं नळाकडे जाणारं हे पहिलं पाऊल, म्हणून मला या कामाबद्दल आस्था आहे.

पण हिशोब प्रमाणपत्रांवर चालतो. पुनर्वापर करणारा प्रमाणपत्र देतो, कंपनी ते विकत घेते. 2023 मध्ये तपासणीत जवळपास 6 लाख प्रमाणपत्रं खोटी निघाली, म्हणजे कचरा कुठे गेलाच नव्हता. सीएफसीचे कारखाने चार, त्यांच्या गेटवर माणूस उभा करता येतो. इथे हजारो. आणि तिसऱ्या प्रकाराला भंगारात किंमतच नाही. धारावीत तेरा कंपाउंडला जाऊन बघा, तिथला कामगार तुकडा वाकवून, आवाज ऐकून, कधी टोक जाळून वास घेऊन सांगतो हे कुठलं प्लास्टिक. बाटली, ऑइलचा कॅन, दुधाची पिशवी सगळं वेगळं होतं. पुडी हातात आली की बाजूला फेकतो, थर सुटत नाहीत तिचे. ती सिमेंटच्या भट्टीत जाते, नाहीतर देवनारच्या डंपिंगला, नाहीतर नाल्यातून ताईंच्या डोलीत.

दुधाची_पिशवी_धुणारी

दुधाच्या पिशवीवरून आठवलं म्हणून लिहिते. 2018 च्या नियमात होतं की दुधाच्या पिशवीवर परत घेण्याची किंमत छापायची, पन्नास पैसे. आमच्या दूधवाल्याने कधी परत घेतली नाही. तरी मी धुऊन नळावर पालथी घालते, सुकली की उभ्या डब्यात, महिन्याने रद्दीवाला आनंदाने नेतो कारण तो माल चांगला असतो. एकच सांगायचंय, कोपरा पूर्ण कापू नका. कात्रीने फक्त चीर द्या, तुकडा पिशवीलाच लटकू दे. कापलेला तो त्रिकोण सिंकमधून जातो, आणि वेसावकरीण ताईंनी लिहिलेलं वाचल्यापासून मला रोज सकाळी तो त्रिकोण जवळ्यात दिसतोय.

गोरेगाव_लोकल_8_12

थर्माकोलने पण ओझोनला भोक पडतं ना? गणपतीत मखर बंद झालं ते त्यासाठीच असं आमच्याकडे सगळे समजतात.

निवृत्त_रसायनवाला

नाही, ते वेगळं. आपल्या मखराचा दाणेदार थर्माकोल पेंटेनने फुगवतात, त्याचा ओझोनशी संबंध नाही. तो बंद झाला कारण तो कुजत नाही, त्याचे दाणे सुटून पाण्यात जातात. ओझोनशी नातं होतं ते फ्रिजच्या भिंतीत असलेल्या पिवळट फोमचं, तो पूर्वी सीएफसी-11 ने आणि नंतर एचसीएफसी-141बी ने फुगवायचे. या दुसऱ्याची आयात आपण 1 जानेवारी 2020 पासून बंद केली. जुना फ्रिज भंगारात फोडतात तेव्हा गॅस फक्त नळीतून नाही, त्या फोममधूनही सुटतो. फ्रिज-एसी ई-कचऱ्याच्या नियमात आहेत, 1 एप्रिल 2023 पासून नवे नियम आहेत, म्हणून हातगाडीवाल्याला देण्यापेक्षा नोंदणी असलेल्या ठिकाणी द्या. तो पैसे कमी देईल.

टिळकनगर_तिसरा_मजला

सगळ्यांचे मनापासून आभार. अपडेट देते.

सोसायटीच्या मीटिंगमध्ये विषय काढला. आमच्या दोन विंगमध्ये मोजले तर आर-22 चे अजून 23 एसी आहेत, पाट्या वाचून यादी केली. कूलिंगवाल्या दादांशी बोलून त्यांच्याच ओळखीच्या एकाकडचं रिकव्हरी मशीन ठरवलं, एका दिवसात चार एसी करायचे म्हणजे खांद्यावर चढवण्याचा खर्च चौघात वाटला जातो. दोघांनी विचारलंच की हे जास्तीचे पैसे कशाला, त्यांना मी पेट्रोलचा हिशोब सांगितला. एक तयार झाले, एक नाही झाले.

कूलिंगचं_काम_20_वर्ष

ताई, येताना दोन सूचना. सिलिंडर 80 टक्क्यांच्या वर भरायचा नाही, उन्हात फुटू शकतो, आणि वापरून फेकायच्या सिलिंडरमध्ये तर अजिबात नाही. आर-22 मध्ये आर-32 मिसळू देऊ नका, वेगळा सिलिंडर, वर खडूने लिहायचं. आणि कोणी स्वस्तात जुन्या आर-22 च्या मशीनमध्ये बत्तीस भरून देतो म्हणाला तर घरात घेऊ नका त्याला. प्रेशर दीडपटीच्या वर असतं आणि तो गॅस पेट घेऊ शकतो.

टिळकनगर_तिसरा_मजला

आज पहिला एसी झाला, बी विंग, दुसरा मजला, देसाई काकूंचा. मी वजनकाटा घेऊन बसले होते. बाल्कनीत मशीन घरघर करत होतं, काकूंनी सगळ्यांना सरबत दिलं. रिकामा सिलिंडर 11 किलो 400 ग्रॅम होता. मशीन बंद झाल्यावर पुन्हा ठेवला, काट्यावर 12 किलो 260. आवाज काहीच आला नाही, नटावर बर्फ पण नाही. उद्या सकाळी चौथा मजला.